‘उपाशीपोटी ठेवून’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या, विवाहितेच्या छळाच्या दहा फिर्यादी एकाखाली एक ठेवून वाचाव्यात. नावं, गावं आणि आकडे सोडले तर त्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटतात. ‘लग्नानंतर सुरुवातीचे दोन-तीन महिने चांगले नांदवले. त्यानंतर माहेरहून पाच लाख रुपये घेऊन ये असे म्हणून पती, सासू, सासरे, दीर, जाऊ व नणंद यांनी संगनमत करून फिर्यादीस वेळोवेळी शिवीगाळ, दमदाटी, मारहाण केली व उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला.’ कधी पाच लाखांच्या जागी गाडी येते, कधी प्लॉट, कधी धंद्याला भांडवल. ‘उपाशीपोटी’ मात्र जागचं हलत नाही.

एका बाजूचे लोक या साच्याकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, सगळ्या तक्रारी खोट्या. दुसऱ्या बाजूचे लोक साच्याबद्दल बोलायचंच टाळतात, कारण बोललं तर बायकांची बाजू लंगडी पडेल अशी भीती वाटते. हा साचा तयार कसा झाला, याचं उत्तर मात्र दोघंही देत नाहीत. आमचं म्हणणं असं की घरातल्या हिंसेकडे पाहण्याचा आपला जो लिंगभेदी चष्मा आहे, त्यातूनच हा साचा आला आहे. त्याने मार खाणाऱ्या बाईचं नुकसान केलं, विनाकारण गोवल्या गेलेल्या नणंदेचं केलं, आणि मार खाणाऱ्या पुरुषाला तर दारातच उभं केलं नाही.

कलम ४९८ अ दंडसंहितेत आलं १९८३ साली. आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आहे. त्यात क्रूरतेच्या व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिला भाग अशा वागण्याचा, ज्यामुळे बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, आरोग्याला गंभीर इजा पोहोचेल. आरोग्यात मानसिक आरोग्यही धरलं आहे. दुसरा भाग पैशाच्या किंवा मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी केलेल्या छळाचा. दोन भागांमध्ये ‘किंवा’ आहे. म्हणजे मागणी नसली, तरी जीव नकोसा करणारी मारहाण हा गुन्हाच आहे. पण कायदा आला तो हुंडाबळींच्या, स्टोव्हच्या भडक्यात जळालेल्या सुनांच्या काळात, आणि पोलीस ठाण्यापासून गल्लीपर्यंत तो ‘हुंड्याचा कायदा’ म्हणूनच रुजला. त्यामुळे तक्रार घेताना पहिला प्रश्न येतो, ‘पैसे मागितले होते का?’

ज्या बाईला दारू पिऊन मारलं, नोकरी सोडत नाही म्हणून मारलं, रात्री नको म्हणाली म्हणून मारलं, दुसरीही मुलगी झाली म्हणून मारलं, तिच्याकडे या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असं असतं. पण ‘नाही’ म्हटलं की प्रकरण घरगुती वादात जातं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं समजावून तिला परत नांदायला पाठवतात, फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात. मग बरोबर आलेला मामा, ओळखीचा कार्यकर्ता किंवा वकील तिला शहाणपण शिकवतो, आणि खऱ्या माराला खोट्या मागणीची जोड मिळते. चार-पाच वर्षांनी उलटतपासणीत विचारलं जातं: पाच लाख कोणत्या तारखेला मागितले? कुणासमोर? तुमच्या वडिलांच्या जबाबात दोन लाख कसे आले? ती अडखळते, आणि न घडलेल्या मागणीबरोबर घडलेला मारही संशयाच्या फायद्यात वाहून जातो.

बाईला मारणं हे तक्रारीसाठी स्वतःच पुरेसं कारण आहे, हे यंत्रणेला पटत नाही. मागे पैशाचा हिशेब दिसला की मगच ते प्रकरण वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलट बोलणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं वगैरे. यांपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, असं ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले. हा आकडा बाईचा आणि पुरुषाचा जवळपास सारखाच आहे, हे थांबून पाहण्यासारखं आहे. ठाण्यातला अंमलदार, दवाखान्यातली परिचारिका, समुपदेशनाला बसलेली बाई, हे सगळे याच समाजातून येतात. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चारातल्या एकीने नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला. देशभर पाहिलं तर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी कुणाकडे मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या निघाल्या १४ टक्के, आणि त्यांनीही बहुतेक वेळा माहेरचाच दरवाजा वाजवलेला असतो.

प्रकरणाचं पुढे काय होणार, हे न्यायालयात जाण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन कागदांवर ठरतं. एक ठाण्यातला, दुसरा दवाखान्यातला.

साध्या दुखापतीचं जुनं ३२३, आताचं ११५, अदखलपात्र आहे. त्याला जोडून शिवीगाळ आणि धमकीची कलमं लागतात, आणि जुन्या भाषेतली ‘३२३, ५०४, ५०६ ची एनसी’ तयार होते. एनसी झाली म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हा आदेश फिर्यादीला स्वतः अर्ज करून मागता येतो, हे तिला बहुधा कुणी सांगत नाही. पण दुखापत ‘साधी’ की ‘गंभीर’ हे डोळ्यांनी ठरत नाही. हाड मोडलं, हाडाला चीर गेली किंवा दात पडला की कायद्याने ती गंभीर दुखापत होते. कलम ११७ लागतं, गुन्हा दखलपात्र होतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. नाकावर ठोसा बसलेल्या बाईचा एक्स-रे काढला नाही, तर कागदावर फक्त ‘नाकावर सूज’ राहते. कानशिलात बसलेल्या थपडेने कानाचा पडदा फाटतो; कान तपासून घेतला नाही, तर तो निव्वळ ‘गालावर लाली’ म्हणून नोंदला जातो. एक्स-रेची एक चिठ्ठी लिहिली गेली नाही म्हणून दखलपात्र गुन्ह्याची एनसी होते.

गळा दाबण्याचा प्रकार तर सगळ्यात जास्त दुर्लक्षला जातो. गळा आवळलेल्या अनेकींच्या मानेवर बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, काहींना त्या क्षणी लघवी झालेली असते. हे कुणी विचारलंच नाही तर ‘जखम नाही’ असा शेरा पडतो. ज्या घरात एकदा गळ्यापर्यंत हात गेला, तिथे पुढच्या वेळी जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो. अशा जबाबात किती वेळ दाबला, एका हाताने की दोन्ही, शुद्ध गेली का, तो काय बोलत होता, हे लिहिलं गेलं तर खुनाच्या प्रयत्नाचं कलम विचारात घेता येतं. ‘गळा दाबून मारहाण केली’ एवढंच लिहिलं तर ती परत साधी दुखापत होते.

दवाखान्यातला दुसरा घोळ ‘कशाने लागलं’ या रकान्यात होतो. नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना विचारलं, तर बाई ‘जिन्यावरून पडले’ असंच सांगणार. खटल्यात तोच कागद बचावपक्षाचा सगळ्यात मोठा पुरावा ठरतो. तपासणी म्हणून सोबतच्या माणसाला दाराबाहेर बसवायला दोन मिनिटं पुरतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, त्याला आता वीस वर्षांहून जास्त काळ झाला. हे काम दवाखान्याच्या रोजच्या रहाटगाडग्यात बसवता येतं, हे तिथे दिसलं. शिवाय कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांप्रमाणे, घटना अहवाल (हिंसेची नोंद करायचा ठरलेला नमुना) आधी भरलेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली पीडितेच्या मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा असतो. ही तरतूद माहीत असलेले डॉक्टर फार कमी भेटतात.

आता ‘खोट्या केसेस’. २०२२ साली देशात पती आणि नातेवाइकांच्या क्रूरतेचे १,४०,०१९ गुन्हे नोंदले गेले. स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांतला हा सगळ्यात मोठा वाटा. निकाल लागलेल्या शंभर खटल्यांत वीस शिक्षाही होत नाहीत. यावरून ‘उरलेल्या ऐंशी जणी खोटं बोलल्या’ असा निष्कर्ष चर्चेत सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. निर्दोष सुटका म्हणजे तक्रार खोटी असल्याचा निकाल नव्हे. खोटी तक्रार मोजायची वेगळी जागा आपल्याच राज्यात आहे. तपासाअंती आरोपपत्र ठेवायचं नसेल तर महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाकडे तीन प्रकारची समरी, म्हणजे तपास बंद करण्याची मंजुरी, मागतात: ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही, ‘ब’ म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. खोटेपणावर बोलायचं तर ‘ब’ समरीचे आकडे मांडावेत आणि त्यांतल्या किती प्रकरणांत खोट्या तक्रारीबद्दल पुढे कारवाई झाली तेही सांगावं. तसं कलम संहितेत आहेच. जिथे खोटेपणा सिद्ध होतो तिथे ते लावायला आमचा काहीही विरोध नाही.

पुष्कळ खटले पडतात ते तडजोडीने, आणि तडजोडीला लावतो तो उशीर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत, नोटीस दोन दिवसांत, आणि अर्जाचा निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न, असं स्पष्ट लिहिलं आहे. कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेशही मिळतो. प्रत्यक्षात नोटीस ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ म्हणून परत येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसऱ्या दोन कामांचा भार असतो. तालुका पातळीवर असे अधिकारी नेमा, असं राज्यांना सांगण्याची वेळ मे २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयावर आली, म्हणजे कायदा लागू होऊन जवळपास एकोणीस वर्षांनी. त्याच न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, असं ठरवलं. तरी प्रतिज्ञापत्रासाठीच तीन-तीन तारखा जातात. मुलाची फी, खोलीचं भाडं थांबत नाही. मग सल्ला मिळतो, ‘४९८ टाका, म्हणजे समोरचा टेबलावर येईल.’ तो येतोही. स्त्रीधन परत, एकरकमी पोटगी, परस्परसंमतीने घटस्फोट, आणि उच्च न्यायालयात संमतीने गुन्हा रद्द. जिथे रद्द करायला जात नाहीत, तिथे बाई साक्षीच्या पिंजऱ्यात ‘गैरसमजातून तक्रार दिली होती’ म्हणते आणि आणखी एक निर्दोष सुटका आकडेवारीत जमा होते. फौजदारी कलमाचा दबावासाठी वापर होतो, हे आम्ही नाकारत नाही. तो कमी करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे साठ दिवसांची मुदत पाळणं. हक्काचं छप्पर आणि महिन्याचा खर्च वेळेत मिळाला, तर नवऱ्याच्या आईला आरोपी करण्याची गरज उरत नाही.

न्यायालयांनी मात्र मुख्यतः दुसऱ्या टोकाला हात घातला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक बंद केली, कारणं लिहून मगच अटक, नाहीतर नोटीस. हा निकाल योग्यच आहे. म्हाताऱ्या सासऱ्याला रात्री उचलून आणण्याने कुणाला न्याय मिळत नव्हता. पण अनेक ठाण्यांनी त्याचा अर्थ ‘आता यात करण्यासारखं काही नाही’ असा घेतला. २०१७ मध्ये, अटकेआधी तक्रार पाहणाऱ्या कुटुंब कल्याण समित्या आल्या, २०१८ मध्ये मोठ्या खंडपीठाने त्या काढल्या. जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची तशीच मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उचलून धरली: गुन्हा नोंदवल्यावर दोन महिने अटक नाही, आणि प्रकरण समितीकडे. खुनाच्या प्रयत्नासारखं गंभीर कलम असेल तर हा थांबा नाही, म्हणून गळ्याबद्दल वर जे लिहिलं त्याचं महत्त्व आता दुप्पट झालं आहे. रस्त्यात अनोळखी माणसाने मारलं तर फिर्यादीला ‘दोन महिने थांबा, समिती बघेल’ असं कुणी सांगत नाही. तक्रार दिल्यानंतरचे पहिले काही आठवडे बाईसाठी सगळ्यात धोक्याचे असतात, आणि नेमके तेच मोकळे ठेवले जातात. अटक टाळायची असेल तर टाळावी; पण नोटीस बजावली त्याच दिवशी संरक्षण आदेशाचा अर्जही पुढे गेला पाहिजे. तो आदेश मोडला तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. देशभरात या कायद्याखाली पोलिसांकडे वर्षाला पाचशेच्या आसपासच गुन्हे नोंदले जातात. इतक्या मोठ्या देशात आदेश इतके क्वचित मोडले जातात, यावर कुणी विश्वास ठेवू नये.

आणि पुरुष? ‘बायकोचा मार खातो आणि वर सांगायला येतो?’ हे वाक्य ज्या मनातून निघतं, त्याच मनातून ‘नवरा आहे, एखादी लगावणारच’ हेही निघतं. मारणं हा पुरुषाचा स्वभाव आणि सोसणं हा बाईचा, असं एकदा गृहीत धरलं की मार खाणारा पुरुष आणि प्रतिकार करणारी बाई, दोघांनाही कागदावर जागा राहत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हिंसेचे प्रश्न फक्त बायकांना विचारतं. त्यातच, नवरा मारत नसताना आपणहून हात उचलल्याचं चार टक्के बायका सांगतात. प्रमाण फार वेगळं आहे, आणि दोन्ही बाजू सारख्याच, असं म्हणणं म्हणजे दिशाभूल. पण चार टक्के म्हणजे शून्य नव्हे. उकळतं पाणी अंगावर पडलेल्या नवऱ्याला आज दुखापतीची सर्वसाधारण कलमं आहेत आणि क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट आहे. ‘हिने मला हात लावू नये, मुलांना माझ्याविरुद्ध वापरू नये’ असा तातडीचा दिवाणी आदेश मागायला त्याला २००५ च्या कायद्यात जागा नाही. वयस्कर आईवडिलांना मारणाऱ्या मुलाविरुद्ध आई २००५ च्या कायद्याखाली जाऊ शकते. वडील जाऊ शकत नाहीत, त्यांना २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा शोधावा लागतो. सतरा वर्षांच्या मुलीला हा कायदा आहे, तिच्या अठरा वर्षांच्या भावाला नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या हरसोरा प्रकरणात ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीच्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढले, म्हणजे प्रतिवादी कुणीही असू शकतो. अर्जदार मात्र स्त्रीच राहिली.

आमचं मत स्पष्ट आहे. संरक्षण आदेश घरातल्या प्रत्येक माणसाला मागता यावा, कारण ‘मारू नकोस, जवळ येऊ नकोस’ हा आदेश एकाला दिल्याने दुसऱ्याचं काही कमी होत नाही. राहत्या घराचा हक्क आणि कलम ८५ मात्र बाईचंच राहावं. लग्न करून घर सोडते ती बाई, सातबारा आणि भाडेकरार बहुधा तिच्या नावावर नसतो. ही विषमता आहे तोवर, स्त्रियांसाठी खास तरतूद करू देणाऱ्या संविधानाच्या कलम १५(३) ची तिला गरज आहे. आणि दार सगळ्यांना उघडताना एक खबरदारी हवीच. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात घरगुती मारहाणीत सक्तीच्या अटकेचे कायदे आले, तेव्हा स्वतःला वाचवताना नवऱ्याला ओरखडलेल्या बायकाही नवऱ्याबरोबर अटकेत जाऊ लागल्या. नंतर अनेक राज्यांना ‘मुख्य हल्लेखोर कोण’ हे पाहण्याचा नियम करावा लागला: जखमा कुणाच्या आणि किती, कुठल्या जागी, आधीच्या तक्रारी कुणाच्या, कोण कुणाला घाबरतं. हाताच्या मागच्या बाजूला, कोपरापाशी वळ असतील तर ते बहुधा अडवतानाचे असतात. आपल्याकडे उलट तक्रार आली की ‘दोघांवरही एनसी’ करून हात झटकतात, आणि आधी ठाण्यात पोचतो त्याचं फावतं.

साच्याचं काय करायचं, याला नवीन कायदा लागत नाही. जबाब घेणाऱ्याने सगळ्या संसाराचा गोषवारा न लिहिता तीन घटना नीट लिहाव्यात: पहिली, सगळ्यात वाईट, आणि शेवटची. बाईला तारीख आठवत नाही म्हणून ‘वेळोवेळी’ असं लिहू नये. तिला विचारावं, तेव्हा गणपती बसले होते का, धाकट्याची परीक्षा चालू होती का, पेरणी झाली होती का. तिथून महिना आणि आठवडा निघतोच. कशाने मारलं, कुठे लागलं, तो नेमकं काय बोलला ते त्याच शब्दांत. कुणी पाहिलं, नंतर कुणाला सांगितलं, कुठल्या दवाखान्यात गेली. प्रत्येक आरोपीपुढे त्याने स्वतः काय केलं ते. परगावी नांदणाऱ्या नणंदेने काही केलं नसेल तर तिचं नाव नको. सर्वोच्च न्यायालयाने मोघम आरोपांवरून नातेवाइकांविरुद्धचे गुन्हे वारंवार रद्द केले आहेत, आणि त्या सपाट्यात मुख्य आरोपीविरुद्धची फिर्यादही हलकी होते. पैसे मागितले नसतील तर ‘मागितले नाहीत’ असंच लिहावं आणि कलमाचा पहिला भाग लावावा. कुणी उपाशी ठेवलं नसेल तर ‘उपाशीपोटी’ हा शब्द गाळावा.

कौटुंबिक घटना अहवालाचा नमुना १ हा २००६ च्या नियमांसोबतच आला आहे. त्यात घटनेची तारीख, वेळ, जागा आणि हिंसा करणारी व्यक्ती, असे रकाने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसेसाठी वेगवेगळे आहेत. हाच नमुना फिर्याद टंकणाऱ्या संगणकावर उघडून ठेवता येतो, दवाखान्याच्या अपघात विभागात त्याच्या प्रती ठेवता येतात. आणि पीडित व्यक्ती म्हणून पुरुष समोर बसला असेल, तर त्याच रकान्यांच्या क्रमाने त्याचाही जबाब घेता येतो.